घाट चढेना ट्रक: बदलायचा मेनिफोल्ड की शोधायची गळती?

"हे बघ, हे आपलंच इंजिन आहे!"

रविवारी दुपारी दादाने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. स्क्रीनवर अमेरिकेतला एक लालभडक पिकअप ट्रक, बॉनेट उघडं, आणि टोपीवाला एक माणूस इंजिनावर चकाकणारी ॲल्युमिनियमची पेटी बसवत होता. पेटीचं नाव परफॉर्मन्स इनटेक मेनिफोल्ड. ती बसवली की ताकद वाढते, धूर कमी होतो, डिझेल वाचतं, असं तो सांगत होता. व्हिडिओ इंग्रजीत, म्हणून दादा माझ्याकडे आला. "तू इंग्रजीत बीए केलंस ना? मग तो नक्की काय म्हणतो ते सांग."

आता बीएला मला शेक्सपिअर होता, मेनिफोल्ड नव्हता. पण विषय गमतीचा नव्हता, कारण दादाच्या त्या व्हिडिओच्या खाली किंमतही होती. शिपिंग, कस्टम धरून ६० हजारांच्या वर जात होती. आणि घरात तेवढेच पैसे बाजूला ठेवलेले होते, ट्रकच्या विम्यासाठी आणि मागच्या टायरांसाठी.

आमचं घर रायपूरच्या चौबे कॉलोनीत. महाराष्ट्र मंडळ जवळ, त्यामुळे गणपतीत मराठी आणि एरवी हिंदी-छत्तीसगढी, असं आमचं चालतं. काकांचा ट्रक म्हणजे टाटा २५१८, दहा चाकी. या नंबरांत एक गंमत आहे, ती मला यानिमित्ताने कळली. पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट एकूण वजन, २५ टन. पुढचे दोन म्हणजे ताकद, १८ म्हणजे १८० अश्वशक्ती. जुना १२१० असेल तर १२ टन आणि १०० अश्वशक्ती. आता हायवेवर ट्रकच्या मागे अडकलात की वाचून बघा, वेळ बरा जातो.

मागच्या वर्षी काकांचे गुडघे गेले आणि दादाने मोबाइलच्या दुकानातली नोकरी सोडून स्टिअरिंग हातात घेतलं. सिलतरा, उरला भागातल्या कारखान्यांतून लोखंडी सळया भरायच्या आणि धमतरी, कांकेर, केशकाल, कोंडागाव करत जगदलपूरला उतरवायच्या. परतीला मिळेल ते भाडं. वाटेत केशकालचा घाट लागतो. ज्यांनी बस्तर पाहिलं आहे त्यांना तिथली वळणं आठवत असतील. पूर्वी हा ट्रक तो घाट तिसऱ्या गिअरवर काढायचा. आता दुसऱ्यावर रडत चढतो, मागे काळा धूर सोडतो आणि डिझेल वाटेल तसं पितो. लिटरला पावणेचारचा ॲव्हरेज सव्वातीनवर आला होता. एका फेरीत जे उरायचं ते त्या धुरात जात होतं.

काकू एवढंच म्हणाल्या, "विम्याचे पैसे आहेत ते. बघ बाबा."

मग मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. त्यानंतर जे वाचलं, विचारलं आणि गॅरेजमध्ये उभं राहून पाहिलं, ते इथे लिहिते आहे.

पंगतीतला वाढपी

इंजिनात डिझेल जळतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण डिझेल जळायला हवा लागते, आणि ती डिझेलच्या मानाने प्रचंड लागते. काकांच्या ट्रकचं इंजिन ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरतो. म्हणजे २५०० आरपीएमवर, टर्बोची मदत नसती तरी, मिनिटाला ७,३०० लिटरच्या आसपास हवा. दहा बाय बाराची एक खोली, छत दहा फूट उंच, ती या इंजिनाने पाच मिनिटांच्या आत रिकामी केली असती. टर्बो आणि इंटरकूलर धरले की अडीच मिनिटांत.

ही सगळी हवा एका पाइपातून येते आणि तिला सहा तोंडांत वाटायचं असतं. हे वाटपाचं काम इनटेक मेनिफोल्ड करतो. त्याच्यात फिरणारा भाग नाही, ठिणगी नाही, काही नाही. नुसती पोकळ पेटी किंवा फाटे फुटलेला पाइप. पण त्याच्याकडे वेळ फार कमी असतो. २५०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २० हून जास्त वेळा हवा मागतो, आणि तीही ओळीने नाही. सहा सिलिंडरच्या अशा इंजिनात क्रम असतो १-५-३-६-२-४. आधी पहिला, मग पाचवा, मग तिसरा.

मला यावरून लग्नातली पंगत आठवली. वाढपी एका टोकाकडून भात घेऊन निघतो. मधल्या पानांवर भरपूर पडतो, शेवटच्या पानापर्यंत पातेलं खरवडायची वेळ येते. जुन्या साध्या मेनिफोल्डचं काहीसं असंच असतं. एक आडवा पाइप, त्याला सहा फाटे, हवा एका तोंडातून आत. बनवायला सोपा आणि स्वस्त. पण टोकाच्या सिलिंडरला मिळणारी हवा आणि मधल्याला मिळणारी हवा यांत फरक पडतो. डिझेल मात्र पंप सगळ्यांना सारखंच देतो. मग ज्याला हवा कमी, तिथे डिझेल अर्धवट जळतं. काळा धूर म्हणजे हेच अर्धवट जळलेलं डिझेल.

टर्बो आला की चित्र बदलतं. टर्बोची कल्पना जुनी आहे, अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. म्हणजे वाढपी आता एकटा नाही. मागून कुणीतरी भरलेली पातेली पाठवतंय आणि आग्रह करकरून वाढलं जातंय. अशा पंगतीत शेवटचं पानही उपाशी राहत नाही.

दादाच्या व्हिडिओतली अर्धी गोष्ट इथेच सैल होते. टर्बो नसलेल्या इंजिनात मेनिफोल्डच्या आकाराला जितकं महत्त्व असतं, तितकं टर्बो असलेल्या ट्रकच्या इंजिनात राहत नाही. थोड्याफार असमान वाटपावर दाब पांघरूण घालतो. पूर्ण नाही, पण बरंचसं.

इंजिन खरंच तेच

आणि तरीही दादाची पहिली ओळ खोटी नव्हती. मला वाटलं होतं, अमेरिकेतला पिकअप कुठे आणि आपला सळया वाहणारा ट्रक कुठे. पण दोन्हींत कमिन्सच्या बी सीरिजचं ५.९ लिटरचं इंजिन आहे. अमेरिकेत डॉज रॅम पिकअपला ते १९८९ च्या मॉडेलपासून मिळालं. आपल्याकडे टाटा आणि कमिन्स यांची भागीदार कंपनी १९९३ मध्ये झाली आणि जमशेदपूरला ही इंजिनं बनू लागली. कमिन्सचं नाव महाराष्ट्राला नवं नाहीच. पुण्यात कोथरूडला कमिन्स १९६२ पासून आहे आणि टाटा कमिन्सचा एक कारखाना फलटणला आहे. साताऱ्याकडच्या वाचकांच्या घरातलं कुणी ना कुणी तिथे कामाला असेल.

म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ. एक अमेरिकेत हौसेखातर रेस लावतो, दुसरा केशकालच्या घाटात १६ टन लोखंड ओढतो.

या इंजिनात एक वेगळेपण आहे. त्याचा इनटेक मेनिफोल्ड वेगळा पाइप म्हणून बाहेर लोंबत नाही. तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, हेडच्या बाजूला लांबट खोबण असते. वरून फक्त एक पत्र्यासारखं झाकण बोल्टने आवळतात आणि त्या झाकणावर हवेचा वाकडा पाइप येतो. त्यामुळे "मेनिफोल्ड बदला" म्हणजे खरं तर झाकण आणि वरचा पाइप बदला. खालची खोबण तीच राहते. अमेरिकेत थंडीसाठी या पाइपाखाली एक जाळीचा हीटर असतो, त्यातून हवा अडते. तिथले हौशी लोक हीटर काढून, झाकण मोठं करून, पाइपाची वळणं सौम्य करून वाट मोकळी करतात. त्यांना फरक पडतोही. पण त्यांनी त्याआधी मोठा टर्बो लावलेला असतो, पंप वाढवलेला असतो, नोजल बदललेले असतात. १८० च्या जागी ४००-५०० अश्वशक्ती काढायची असेल तर हवेची वाट अरुंद पडणारच. तेव्हा झाकण बदलायला अर्थ असतो.

मूळ ताकदीवर चालणाऱ्या इंजिनाला कंपनीने दिलेली वाट पुरते. एकेरी गल्लीत दिवसाला दहा रिक्षा येत असतील तर गल्ली चारपदरी करून अकरावी रिक्षा येत नाही.

मग हे सगळे प्रकार असतात कशाला?

कारण प्रत्येक इंजिनाची गरज वेगळी. माझ्या वाचनात जे प्रकार सतत समोर आले ते सांगते, म्हणजे तुमच्या घरातल्या एखाद्या दादाने मोबाइल नाकासमोर धरला तर तयारी असेल.

सगळ्यात देखणे मेनिफोल्ड पेट्रोल इंजिनांचे. तिथे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असते, आणि नळीची लांबी मोजूनमापून ठरवतात. कारण हवा नळीतून नुसती वाहत नाही, तिच्यात लाट उठते. व्हॉल्व्ह बंद झाला की हवा थडकून मागे फिरते, पुन्हा पुढे येते. ती बरोबर व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळी परत आली तर फुकटात थोडी जास्त हवा आत ढकलली जाते. झोक्याला योग्य क्षणी धक्का दिल्यासारखं. २००० आरपीएमला पिस्टन वरून खाली यायला सेकंदाचे १५ हजारांश भाग लागतात, ६००० ला फक्त ५. म्हणून हळू फिरणाऱ्या इंजिनाला लांब नळी मानवते, जोरात फिरणाऱ्याला आखूड. १९६० साली क्रायस्लर कंपनीने ३० इंच लांबीच्या नळ्यांचे मेनिफोल्ड गाड्यांना लावले होते. डावीकडच्या सिलिंडरची नळी पार उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे. फोटो शोधून पाहा, इंजिनावर दोन अजगर झोपल्यासारखे दिसतात.

आजकाल काही गाड्यांत मेनिफोल्डच्या आत झडप असते. ती इंजिनाच्या वेगाप्रमाणे वाट लांब किंवा आखूड करते. दोन्हींचा फायदा मिळतो, पण एक झडप, एक मोटर, एक सेन्सर वाढला. बिघडणारी तीन कारणं वाढली, असं आमचे उस्ताद म्हणतील.

अमेरिकन पेट्रोल पिकअपमध्ये आठ सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन असतं, तिथे वाद वेगळाच. ड्युअल प्लेन की सिंगल प्लेन? ड्युअल प्लेन म्हणजे दोन मजली मेनिफोल्ड. प्रत्येक मजला चार सिलिंडर सांभाळतो आणि एकामागून एक हवा मागणारे सिलिंडर वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवलेले असतात, म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातलं ओढून घेणं होत नाही. कमी आरपीएमला ओढ चांगली मिळते. सिंगल प्लेन म्हणजे एकच मोठा हॉल, आठही सिलिंडरना तिथूनच हवा. वेगात गेलं की हा पुढे जातो, पण हळू चालताना मरगळतो. ओझं ओढायचं असेल, ट्रेलर लावायचा असेल, तर दोन मजली. शर्यतीच्या सरळ पट्ट्यावर जायचं असेल तर हॉल. ट्रकच्या नावाखाली सिंगल प्लेन विकत घेणारे बरेचजण दिखाव्याला भुलतात, असं माझं मत झालं आहे. पिकअपचं बॉनेट उघडून दाखवायला तो भारी दिसतो, हे मान्य.

राहता राहिला डिझेल ट्रक. तो १,५०० आरपीएमच्या आसपास सगळ्यात जास्त ओढतो आणि २,५०० च्या पुढे जातच नाही. लाटांचा खेळ करायला नळ्या फारच लांब कराव्या लागतील, आणि टर्बो असताना तेवढी खटपट कोण करणार? म्हणून ट्रकच्या मेनिफोल्डकडून मागणी साधी असते. पुरेशी मोठी पेटी, दाब सोसणारी धातूची भिंत, सहाही तोंडांना शक्य तितकी सारखी हवा. आणि कुठेही गळती नको.

शेवटचं वाक्य मी वाचताना सहज ओलांडून गेले होते.

उस्तादांचं साबणाचं पाणी

भनपुरीकडे जुन्या गाड्यांचं काम करणारं एक गॅरेज आहे. काका वीस वर्षं तिथेच जातात. उस्ताद साठीचे, बोलणं हिंदीत आणि मोजकं. दादाने त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी पूर्ण पाहिला, मोबाइल परत दिला आणि विचारलं, "एअर क्लीनर कधी उघडलास?"

दादाने सांगितलं, मागच्याच महिन्यात, टायरवर आपटून साफ केलाय.

उस्तादांनी कपाळावर हात मारला. फिल्टरचा कागद आपटल्याने फाटतो आणि मग त्यातून धूळ सरळ टर्बोत जाते. आमच्या भागात स्पंज आयर्नचे कारखाने, गच्चीवर अनवाणी गेलं तर तळवे काळे होतात. ती काळी भुकटी ट्रकच्या फिल्टरमध्ये किती बसत असेल याचा विचार मी कधी केला नव्हता. फिल्टरच्या डब्यावर एक छोटा इंडिकेटर असतो, हवा अडू लागली की त्यात लाल पट्टी दिसते. आमच्या ट्रकची पट्टी लाल होती. कधीपासून, देव जाणे. त्याच्या काचेवर इतकी धूळ होती की कुणी पाहिलंच नव्हतं.

नवा फिल्टर बसला. पण उस्ताद म्हणाले, एवढ्याने घाट चढणार नाही, धूर जास्त आहे.

मग त्यांनी जे केलं ते पाहण्यासारखं होतं. टर्बोच्या तोंडाला रबरी बूच लावलं, त्यातून कॉम्प्रेसरची हवा अगदी बेताने आत सोडली आणि पोऱ्याला साबणाचं पाणी आणायला सांगितलं. पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात बुडवतात, तोच प्रकार. फडक्याने एकेका सांध्यावर फेस लावत गेले. टर्बोपासून इंटरकूलर, इंटरकूलरपासून मेनिफोल्डच्या झाकणापर्यंत. इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होज पाइपाच्या पोटाखाली बुडबुडे आले. नुसते बुडबुडे नाही, साबणाची दाढी उगवली. तिथे बोटभर लांबीची चीर होती.

दादा म्हणाला, "पण मी तर तो पाइप हाताने दाबून पाहिला होता."

इंजिन नुसतं सुरू असताना टर्बो दाब देतच नाही. चीर मिटलेली राहते. ट्रक भरलेला असतो, घाट असतो, पाय दाबलेला असतो, तेव्हा आत दाब वाढतो आणि चीर ओठासारखी उघडते. नेमकी गरज असते तेव्हाच हवा बाहेर. पंप बिचारा डिझेल देतच राहतो. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. केशकालला दुसऱ्या गिअरवर का यावं लागत होतं याचं उत्तर त्या बोटभर चिरेत होतं.

दुसरी गळती मेनिफोल्डच्याच झाकणाखाली निघाली. मागच्या कोपऱ्यातला एक बोल्ट सैल, पॅकिंग वाळून तडकलेलं, आणि कुणीतरी पूर्वी नवीन पॅकिंगऐवजी पेस्ट थापून दिली होती. म्हणजे मेनिफोल्डचा दोष होताच! दादा जरा खूश झाला. फक्त त्याला लागणारा भाग ६० हजारांचा नसून दोनशे-अडीचशेचा होता.

उस्तादांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी लिहून घेतली. टर्बोच्या पुढे गळती असेल तर ताकद जाते. टर्बोच्या आधी, म्हणजे फिल्टर आणि टर्बोच्या मधे गळती असेल तर ताकद लगेच जात नाही, पण धूळ आत जाते आणि इंजिन वर्षभरात खलास होतं. पहिली ओरडून सांगते, दुसरी गप्प बसते. इंटरकूलरचे पंखेही त्यांनी प्रेशरने धुतले. तो विषय साधा नाही. रायपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना हवा दुप्पट दाबली की तिचं तापमान १४०-१५० अंशांपर्यंत जातं. गरम हवा फुगलेली असते, सिलिंडरमध्ये मावते कमी. इंटरकूलरने तिला ७० अंशांपर्यंत आणलं तर तेवढ्याच जागेत पाचव्या हिश्श्याने जास्त हवा बसते. चिखलाने निम्मा बुजलेला इंटरकूलर धुणं हे कुठल्याही चकचकीत झाकणापेक्षा जास्त काम करतं, आणि पाणी फुकट आहे.

फिल्टर, होज पाइप, चार क्लँप, पॅकिंग, मजुरी. बिल झालं ४,७०० रुपये.

हजार घोड्यांचा ट्रक

तर मग परफॉर्मन्स मेनिफोल्ड ही निव्वळ फसवणूक आहे का? नाही. तो जिथला आहे तिथे हवाच.

२३ मार्च २०१४ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर टाटाने प्रायमा ट्रकची शर्यत भरवली. ज्या ट्रॅकवर फॉर्म्युला वन गाड्या धावल्या तिथेच ट्रक पळाले. पुढे २०१७ मध्ये १२ लिटरचं कमिन्स इंजिन लावलेला, १,००० हून जास्त अश्वशक्तीचा रेसिंग प्रायमा आला. हिशेब करा. आमच्या २५१८ मध्ये दर लिटरमागे ३० घोडे, आणि त्याच्यात ८० हून जास्त. इंजिन काही तिप्पट वेगाने फिरत नाही. म्हणजे तेवढ्याच पोटात जवळजवळ तिप्पट हवा दाबून भरावी लागते. अशा वेळी एका सिलिंडरला जराशी हवा कमी मिळाली तर तो इतरांहून जास्त तापतो आणि पिस्टनच वितळू शकतो. तिथे वाटप काटेकोर हवं, पेटी मोठी हवी, भिंती जाड हव्यात. युरोपातल्या ट्रक शर्यतींत तर ताकद एवढी असते आणि वेग १६० किलोमीटरवर बांधलेला असतो. सगळी लढाई वळणातून बाहेर पडताना कोण आधी ओढतो याचीच.

पण तो ट्रक रविवारी पळतो, सोमवारी त्याला मेकॅनिकची फौज उघडून बसते. काकांच्या ट्रकला सोमवारी पुन्हा सळया भरायच्या असतात.

गॅरेजमधून परतताना दादाने एक प्रश्न विचारलाच. मेनिफोल्ड नको, पण पंपाचं डिझेल थोडं वाढवून घेतलं तर? हे रस्तोरस्ती करून मिळतं. तेव्हा काका पहिल्यांदा बोलले. त्यांनी आमच्या ओळखीतल्या एकाची गोष्ट सांगितली. पंप वाढवला, ट्रक पळू लागला, आठ महिने सगळ्यांना चहा पाजला, आणि नवव्या महिन्यात दोन पिस्टन गेले. हवा तेवढीच असताना डिझेल वाढवलं की धुराचं तापमान वाढतं. त्याची झळ आधी टर्बोला, मग व्हॉल्व्हला, मग पिस्टनला.

कायद्याचीही बाजू आहे, ती मी शोधली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसाने बॉनेट उघडलं तर काय, हा विचार विम्याचेच पैसे खर्चून बदल करणाऱ्याने तर नक्कीच करावा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकमध्ये तर हात घालूच नये. तिथे हवेच्या वाटेवर सेन्सर असतात, अनेक इंजिनांत धुराचा थोडा भाग पुन्हा मेनिफोल्डमध्ये सोडलेला असतो. अशा मेनिफोल्डच्या आत काजळी आणि तेलाचा थर साचतो. तो ठरलेल्या वेळी साफ करून घेणं हीच तिथली खरी 'परफॉर्मन्स' कामगिरी.

त्या बुधवारी दादा १६ टन सळया घेऊन निघाला. काका संध्याकाळपासून गॅलरीत बसून होते. मी बाजूला लॅपटॉप उघडून याच लेखाची टिपणं काढत होते. "काय लिहून राहिली तू?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मेनिफोल्डवर लेख. "त्यावर कोण वाचतं?" म्हणाले आणि पुन्हा फोनकडे बघायला लागले.

साडेनऊला फोन वाजला. मागे दुसऱ्या ट्रकचे हॉर्न आणि वारा. दादा वर, घाट संपतो तिथे उभा होता. "काका, तिसऱ्यावर काढला! एकदाही दुसरा टाकला नाही."

"धूर?"

"आरशात नाही दिसला."

"पाण्याचा काटा कुठे होता?"

थोडा वेळ शांतता. दादाने काट्याकडे पाहिलंच नव्हतं. मग काकांनी त्याला पाच मिनिटं फोनवरच जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. काकू आतून म्हणाल्या, "आता जेवायला तर या."

दोन फेऱ्यांनंतर ॲव्हरेज लिटरला ३.७ निघाला. विमा भरला, टायर एक जोडी आली, दुसरी दिवाळीनंतर. काल रात्री दादाने मला पुन्हा एक व्हिडिओ पाठवला आहे, या वेळी सायलेन्सरचा. अजून उघडलेला नाही.